आई-बाबा, लहान मुलं आणि इंग्लंडमधल्या सोप्या पायवाटा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, आम्ही रीडिंगला असतो. मे महिन्यात सासू-सासरे सांगलीहून येतायत, चांगले तीन महिने राहणार आहेत. सासरे सत्तरीचे पण तब्येतीने ठणठणीत, अजून स्वतः हळदीच्या शेतात उभे राहतात. सासूबाईंचा गुडघा चढ-उताराला दुखतो, सपाटीवर मात्र तासभर आरामात चालतात. मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा, म्हणजे बग्गी (बाळाची ढकलगाडी) आलीच. मागच्या खेपेला लंडन, बाथ, ऑक्सफर्ड, म्युझियमं सगळं करून झालंय. सासऱ्यांचं म्हणणं एकच, मला शेतं दाखवा, गावं दाखवा. तर असे वॉक सांगा जिथे पाचही जणांना मजा येईल, गाडीने दीड-दोन तासांच्या आत किंवा ट्रेनने. डोंगर नकोत. लांबचंही काही फारच छान असेल तर सांगा, मुक्काम करू.

टेम्सकाठची
अगदी योग्य गावात राहताय! केनेट अँड एव्हन कालवा तुमच्या रीडिंगलाच सुरू होतो आणि ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल जातो. न्यूबरीच्या बाजूची लोकल पकडा, आल्डरमास्टनला उतरा, स्टेशनपासून कालवा पायी काही मिनिटांवर आहे. काठाकाठाने वाट, चढ जवळपास नाहीच. लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी बदलायच्या दरवाजांपाशी, थांबायचं आणि नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब अरुंद बोट, वर-खाली होताना बघायची. पाणी भरतं, बोट हळूहळू वर येते, मग ते लाकडी अजस्र दांडे पाठ लावून ढकलायचे, बोटवाले बरेचदा मुलांना हात लावू देतात. आमच्याकडचे आजोबा तिथून हलायलाच तयार नव्हते, दरवाज्याला पाण्याचा किती दाब येत असेल याचा हिशोब चालू होता. पाऊस झाला असेल तर काही ठिकाणी चिखल होतो, बग्गीची चाकं मोठी असलेली बरी.

दुसरं, विंडसरचा लाँग वॉक. कॅसलपासून टेकाडावरच्या तिसऱ्या जॉर्जच्या घोड्यावरच्या पुतळ्यापर्यंत सरळ रेषेत अडीच मैलांहून थोडा जास्त रस्ता, पक्का, बग्गी पळते अक्षरशः. पुतळ्याजवळ शेवटचा चढ आहे तो सासूबाईंनी सोडला तरी चालेल. तिसरं, व्हर्जिनिया वॉटर, तळ्याभोवती साडेचार मैलांची चक्कर, पूर्ण करायलाच पाहिजे असं नाही. तिथे लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना या रोमन शहरातून आणलेले खांब उभे केलेत, ते जरूर बघा.

गडवेडा
एवढ्या लांब येऊन कालव्याच्या काठाने चालायचं? सपाट पक्क्या रस्त्याला मी तरी वॉक म्हणणार नाही, ती शतपावली झाली. दक्षिण किनाऱ्यावर सेव्हन सिस्टर्सला न्या. खडूचे पांढरेशुभ्र कडे, खाली समुद्र, वारा असा की टोपी हातात धरावी लागते. सांगलीचा शेतकरी माणूस सत्तरीतही आपल्याला मागे टाकेल.

अनघा_लीड्स
@गडवेडा, गुडघा, बग्गी, दीड वर्षाचं मूल हे तीन शब्द परत वाचा बरं. :) सेव्हन सिस्टर्स म्हणजे सात वेळा चढा आणि सात वेळा उतरा. आणि त्या कड्यांना कुंपण नाही, खडू ठिसूळ असल्यामुळे कडा अचानक कोसळतात, काठावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांना बघून माझ्या पोटात गोळा येतो. सहा वर्षांच्या मुलीचा हात सोडता येणार नाही अशा ठिकाणी आजी-आजोबांना घेऊन कशाला जायचं.

जायचंच असेल तर ककमीअर हेवनला खालून जा. नदी वळणं घेत समुद्राला मिळते, तिच्या कडेने वाट सपाट आहे आणि कडे खालूनच जास्त मोठे दिसतात. ब्रायटनहून बस जाते.

मुक्काम करणार असाल तर आमच्या यॉर्कशायरला या, मालम गावात. गावातून मालम कोव्हच्या पायथ्यापर्यंत सोपी वाट आहे. समोर ८० मीटरची चुनखडीची भिंत, अर्धवर्तुळाकार, वसंतात तिथे बहिरी ससाणे घरटं करतात. वर जायच्या पायऱ्या चारशेच्या घरात आहेत, ज्यांना झेपेल त्यांनी जावं. दुसऱ्या बाजूला जॅनेट्स फॉस नावाचा छोटा धबधबा, तिथली झाडीतली वाट मे महिन्यात रानलसणाने भरून जाते, पांढरी फुलं आणि वास असा की कुणीतरी जवळच फोडणी घातलीय असं वाटावं.

मोगरा१९
वाचतेय. माझी आई पण जूनमध्ये येतेय.

कोकणी_मॅन्चेस्टर
अनघाताई, मालमला गेलो की मला घरची आठवण येते ती तिथल्या भिंतींमुळे. आपल्याकडे जांभ्याचे गडगे असतात ना, चुना-सिमेंट काही न घालता रचलेले, तसेच तिथे चुनखडीचे. नुसते दगडावर दगड. एकदा एक माणूस पडलेली भिंत परत रचत होता, आम्ही कुंपणाबाहेर उभं राहून बराच वेळ बघत होतो. दोन्ही बाजूंनी दोन रांगा, मध्ये बारीक खडीची भर, मधूनमधून एक लांब दगड आडवा पार भिंतीतून, आणि वरून उभ्या दगडांची टोपी. दगड हातात घेतला की तो परत खाली ठेवत नव्हता, त्याची जागा शोधूनच बसवायचा. बाबा म्हणाले, आमचा गडी पण असंच करतो. सासरे शेतकरी आहेत तर त्यांना हे नक्की दाखवा.

भटकभवानी
कॉट्सवोल्ड्स कुणीच कसं सांगितलं नाही? बोर्टन-ऑन-द-वॉटरहून लोअर स्लॉटर, दीड मैलाच्या आतबाहेर, वाट चांगली आहे, कुरणातून जाते. लोअर स्लॉटरला ओढ्याच्या कडेने मधाच्या रंगाच्या दगडाची घरं आणि जुनी गिरणी. पुढे अप्पर स्लॉटर आणखी मैलभर, पण तिथे गवतातली वाट आणि किसिंग गेट, म्हणजे एका वेळी एकच माणूस जाईल असं झुलतं फाटक, बग्गी उचलावी लागेल. त्या अप्पर स्लॉटरची एक गोष्ट आहे, दोन्ही महायुद्धांत गेलेली गावची सगळी माणसं जिवंत परत आली. इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक गावात मधोमध युद्धात मारल्या गेलेल्यांच्या नावांचा स्तंभ असतो, एकेका आडनावाची तीन तीन नावं दिसतात, त्यामुळे हे किती दुर्मीळ आहे ते लक्षात येतं.

तांबडी_लाईन
बोर्टन मे महिन्यात शनिवार-रविवारी अजिबात नको. पार्किंगसाठी तास जातो आणि नदीकाठी बसायला जागा नाही. भटकभवानी, राग मानू नका, जायचंच तर मंगळवार-बुधवार.

मी लंडनच्या ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची, मेट्रोपॉलिटन लाईन सुचवेन. चॅलफॉन्ट अँड लॅटिमरला ट्यूबमधून उतरायचं आणि थोड्या वेळात चेस नदीच्या खोऱ्यात. ही खडूच्या जमिनीतून येणारी नदी, पाणी काचेसारखं, तळाचे खडे मोजावेत. अशा नद्या जगात दोनशेच्या आसपास आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये. डोक्यावर लाल घारी सतत फिरत असतात. इंग्लंडातून त्या पार संपल्या होत्या, १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून इथल्या चिल्टर्न्स टेकड्यांमध्ये सोडली आणि आता रीडिंगमध्ये तुमच्या घरावरूनही जात असतील. चिनीज गावावरून चॉर्लीवूडला निघालात की परत ट्यूब. म्हणजे गाडीपाशी परत यायचं बंधन नाही, हा ट्रेनचा मोठा फायदा आहे आणि लोक तो विसरतात. बग्गी मात्र इथे नको, बाळाला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घ्या.

कृष्णाकाठ
किती छान छान सांगताय सगळे, लिहून घेतेय. काल फोनवर सासऱ्यांना सांगितलं की इथे लोक शेतातून चालतात, तर ते म्हणाले "दुसऱ्याच्या रानातनं? मालक काठी घेऊन नाही येत?" मला नीट उत्तर देता आलं नाही. हे नक्की चालतं कसं? गव्हाच्या उभ्या पिकातून कसं जायचं?

सातबारा
हा प्रश्न आला म्हणून लॉगिन केलं. वडील महसूल खात्यात होते, त्यामुळे रस्त्यांची भांडणं ऐकत मोठा झालोय.

सासऱ्यांना सांगा, ही इथली वहिवाट आहे. जमीन मालकाचीच, पण तिच्यावरून पायी जायचा हक्क सगळ्यांचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून असे हक्काचे रस्ते सुमारे १,४०,००० मैल आहेत. १९४९च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला ते नकाशावर नोंदवायला लावले, आणि एकदा त्या नकाशावर वाट चढली की ती आहेच. मालक बदलला, पीक बदललं, तरी वाट तिथेच. लोकांनी एखादी वाट २० वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, बिनहरकत वापरली तर तीसुद्धा हक्काची मानली जाऊ शकते. आपल्याकडे गावनकाशात शिवरस्ते आणि पाणंदी असतात, अडवल्या तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट अॅक्ट १९०६ खाली अर्ज करता येतो, हे सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता उभ्या पिकाचं. शेताच्या कडेने जाणारी वाट मालकाने नांगरायची नाही. शेतामधून आडवी जाणारी नांगरता येते, पण पहिल्या मशागतीनंतर १४ दिवसांत ती परत चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. म्हणून मे-जूनमध्ये तुम्हाला हिरव्यागार गव्हाच्या मधोमध भांग पाडल्यासारखी सरळ वाट दिसेल, शेतकऱ्याने स्वतः राखलेली. सासऱ्यांना तिथे उभं करा. स्वतःच्या मेहनतीच्या पिकातून परक्या माणसाला रस्ता ठेवायचा, यात काय काय येतं ते शेतकऱ्यालाच कळेल.

खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकलही चालते, मुलगी सायकल आणणार असेल तर निळा बघा. आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी कव्हरचा नकाशा घ्या, १:२५,०००चा. त्यात शेतांच्या कुंपणाच्या रेषासुद्धा आहेत आणि हिरव्या तुटक रेषा म्हणजे या वाटा. तुमच्या रीडिंगच्या आजूबाजूला किती आहेत ते बघून चकित व्हाल. माझं प्रामाणिक मत, लांबची नावं शोधण्याआधी घराजवळची हिरवी रेषा पकडा.

बंडू_बर्मिंगहॅम
@सातबारा, म्हणजे इथे बांधावरून भांडणं होतच नाहीत? मग इथल्या वकिलांचं पोट कसं भरतं? :D

सातबारा
बंडूशेठ, भरपूर होतात. वाट अडवणं, पाटी काढून टाकणं, सगळं चालतं, कौन्सिलकडे तक्रार करायची. आणि हे सगळं सुखासुखी मिळालेलं नाही. पीक डिस्ट्रिक्टमध्ये किंडर स्काउट म्हणून पठार आहे, ते शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. २४ एप्रिल १९३२ला मॅन्चेस्टरकडचे कामगार तरुण रविवारच्या सुट्टीत ठरवून वर घुसले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. पुढे १९५१मध्ये देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं ते हेच पीक डिस्ट्रिक्ट. २०००च्या कायद्याने डोंगर, माळरान, कॉमन (सामाईक जमीन) अशा जमिनीवर वाट सोडूनही फिरायचा हक्क मिळाला, पण ती इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के. बाकी ठिकाणी वाटेवरच राहायचं.

गडवेडा
सातबारा, हे वाचून बरं वाटलं. किंडरला मी जातो, पण रॉथमनचं वय माहीत नव्हतं.

मोगरा१९
वाटेत गाई असल्या तर काय करता? माझी आई गाईला नमस्कार करायला जवळ जाईल हो, तिला थांबवायचं कसं?

अनघा_लीड्स
मोगरा, हे मात्र मनावर घे आणि आईला आधीच सांग. इथल्या गाई माणसाच्या हाताच्या नसतात. वासरं बरोबर असली तर गाय अंगावर येऊ शकते, दरवर्षी माणसं दगावतात. लांबून वळसा घालायचा, गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, धावायचं नाही, मुलांना आरडाओरडा करू द्यायचा नाही. गाई वाटेवरच उभ्या असतील तर वाट सोडून बाजूने गेलात तरी चालतं, पुढे परत वाटेवर यायचं. बरोबर कुत्रा असेल आणि गाई धावून आल्या तर कुत्र्याला सोडून द्यायचं, त्याला उचलून घेण्यात माणसांचा जीव गेलाय. बैलाचा नियम असा की दुधाच्या जातीचा, दहा महिन्यांवरचा वळू सार्वजनिक वाटेच्या शेतात ठेवायला बंदी आहे. मांसासाठीच्या जातीचा गाईंसोबत असू शकतो. मी बाहेरूनच नमस्कार करते, फाटकाच्या अलीकडून. आईलाही तेच सांग, पोचतो तो.

चहा_आणि_खारी
महत्त्वाचा विषय राहिलाच की, खाणं! वॉक असा निवडा की शेवटी पब लागेल. बाग असलेला, मुलं बाहेर खेळतायत, आजोबा गार सायडर नाहीतर लाइम सोडा घेऊन बसलेत. पण घड्याळाकडे लक्ष ठेवा, गावातल्या बऱ्याच पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते थेट संध्याकाळी. फोन करून जागा राखून ठेवा, रविवारी तर हमखास.

टेम्सकाठची
मी पबच्या विरोधात. आपले आई-बाबा पबमध्ये अवघडतात, शाकाहारी असतील तर दोनच पर्याय, आणि ऑर्डर यायला पाऊण तास, तोपर्यंत बाळ रडायला लागलेलं. त्यापेक्षा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, थर्मासमध्ये चहा. कालव्याकाठच्या बाकावर बसून जे जेवण होतं ते कुठल्या पबात होत नाही.

चहा_आणि_खारी
दशमीला माझा विरोध कधीच नव्हता. :) पण सासरे शेतकरी आहेत ना, गावातली माणसं भेटायची जागा पब हीच. आमच्या बाबांना एका पबात शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मेंढ्यांचे भाव सांगितले, बाबांनी उसाचे सांगितले, मी मध्ये दुभाषी. दोघांचंही म्हणणं एकच निघालं, परवडत नाही. डबा वाटेत खा आणि पबात फक्त काहीतरी प्यायला बसा. पबच्या बागेत आपला डबा उघडायचा नाही तेवढं पाळा.

कोकणी_मॅन्चेस्टर
अवांतर: अनघाताई, तो रानलसूण आणून चटणी करता येते का? बायको विचारतेय.

अनघा_लीड्स
अवांतर चालू द्या, मी करते! स्वतःच्या घरापुरती पानं, फुलं, फळं रानातून तोडली तर इथल्या कायद्यात ती चोरी धरत नाहीत, मात्र राखीव ठिकाणी स्थानिक नियम बघायचे. मुळासकट उपटायचं मात्र अजिबात नाही, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. लिली ऑफ द व्हॅली आणि लॉर्ड्स अँड लेडीज ही दोन विषारी झाडं त्याच काळात तिथेच उगवतात. प्रत्येक पान वेगळं चुरगळून लसणाचा वास घ्यायचा आणि हाताला आधीचाच वास लागलेला असतो म्हणून नजरेनेही तपासायचं. खात्री नसेल तर सोडून द्यायचं. खोबरं, शेंगदाणे, हिरवी मिरची, रानलसणाची पानं, मीठ, लिंबू. भाकरीबरोबर अप्रतिम. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात, त्या मुलांच्या हातात डबा देऊन वेचायला लावा.

डॉक्टरीणबाई
मुलं आहेत म्हणून थोडं गंभीर लिहिते. उंच गवतातून जाताना फुल पॅन्ट, मोजे वर ओढलेले. घरी आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यामागे, केसांत, कमरेच्या पट्ट्याखाली बघायचं, गोचीड असेल तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची. पुढच्या महिन्याभरात तिथे पसरत जाणारं लाल गोल चट्टं दिसलं किंवा फ्लूसारखं वाटलं तर जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवा आणि गोचीड चावली होती हे सांगा, गोचिडीमुळे होणाऱ्या लाईम रोगावर वेळेत औषध दिलं की बहुतेक जण पूर्ण बरे होतात. खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल सगळीकडे असते, शॉर्ट्समध्ये त्रास होतो. आणि नदीकाठी माणसापेक्षा उंच, पांढऱ्या छत्र्यांसारख्या फुलांचं जायंट हॉगवीड असतं, त्याचा चीक अंगाला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. मुलांना त्याच्या दांड्याची पिपाणी करू देऊ नका.

गडवेडा
मी सपाट वाटेबद्दलचं मत बदलत नाही, पण एक मधला मार्ग सांगतो. डोव्हडेल, पीक डिस्ट्रिक्ट. कार पार्कपासून नदीतल्या पायरीच्या दगडांपर्यंत सपाट चांगली वाट, किलोमीटरच्या आतबाहेर. आजी आणि बाळ तिथे पाण्याकाठी बसतील. आजोबा, नात आणि ज्याला घाम गाळायचाय तो दगडांवरून पलीकडे जाऊन थॉर्प क्लाउड चढेल, उंची २८७ मीटर, छोटी पण नाकावर येणारी टेकडी. एकाच जागी दोन्ही गोष्टी होतात, कुणाला कुणासाठी मन मारावं लागत नाही.

तिथूनच पुढे बेकवेलजवळ मॉन्सल ट्रेल आहे, साडेआठ मैल, जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली. २०११मध्ये तिचे बोगदे लोकांसाठी उघडले. आत दिवसा दिवे असतात, थंडगार, मुलं ओरडून प्रतिध्वनी ऐकतात. बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम हेडस्टोन व्हायाडक्टवर, खाली खोल वाय नदीचं वळण. बग्गी, गुडघा, सायकल, सगळं चालतं. हो, ही सपाट आहे, आणि तरी मी जातो.

अनघा_लीड्स
@गडवेडा, _/\_

कृष्णाकाठ
काय सुरेख धागा झाला हा! सासऱ्यांना सातबारा यांचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला, त्यांनी १४ दिवसांचं कलम दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं की मालकाने वाट नाही करून दिली तर दंड किती. आता ठरलंय ते असं, पहिल्या आठवड्यात आल्डरमास्टनचा कालवा, मग मधल्या वारी विंडसर, आणि शाळेच्या सुट्टीत डोव्हडेल-बेकवेलला दोन रात्री. नारिंगी नकाशा मागवलाय. विंडसरबद्दल एक विचारायचं, तिथली हरणं खरंच मोकळी असतात का? मुलगी जवळ जायला बघेल.

टेम्सकाठची
मोकळी असतात, तांबड्या हरणांचा कळप आहे, फाटकातून आत गेलात की त्यांचंच राज्य. मे ते जुलै पाडसं होतात, आई त्यांना गवतात लपवून चरायला जाते. एकटं पाडस दिसलं तर हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही, आई आसपासच असते. निदान ५० मीटर लांब राहा आणि खायला काही देऊ नका. मुलीसाठी दुर्बीण घेऊन जा, लहानातली चालेल. आणि टॉयलेट कॅसलच्या बाजूला गावातच उरकून घ्या, लाँग वॉकला लागल्यावर मध्ये काही नाही.